पीएमएसएफ घालायचं ते अगदी शेवटी

[दृश्य: काचेची छोटी बाटली, तळाशी पांढरी पूड]
फिनाइलमिथेनसल्फोनिल फ्लोराइड. एवढं लांबलचक नाव कोणी घेत नाही. सगळे पीएमएसएफच म्हणतात. पेशी फोडताना आतली प्रथिनं तुटू नयेत म्हणून घालायचं रसायन.

[दृश्य: तराजू, हातमोजे, फ्यूम हूड]
१७.४ मिलिग्रॅम पूड, १ मिलिलिटर आयसोप्रोपॅनॉल. झाला १०० मिलिमोलरचा स्टॉक, म्हणजे पुढे पातळ करून वापरायचं दाट द्रावण. आयसोप्रोपॅनॉल मात्र कोरडंच हवं. पाणी शिरलं की रेणूतला फ्लोराइड सुटतो आणि उरलेला रेणू काही कामाचा राहत नाही.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली फुटणाऱ्या पेशी]
पेशी फुटल्या, की कप्प्याकप्प्यांत कोंडलेली प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारी एन्झाइम्स, मोकाट सुटतात आणि समोर येईल ते प्रथिन तोडतात. त्यांतल्या सेरीन प्रोटिएजची कात्री एका सेरीनवर, म्हणजे त्यांच्यातल्याच एका अमिनो आम्लावर चालते. कायमोट्रिप्सिन या सेरीन प्रोटिएजमध्ये तो १९५ क्रमांकाचा. पीएमएसएफ नेमकं त्यालाच चिकटतं, फ्लोराइड बाहेर पडतो, कात्री जाम. हा बंध सहसा सुटत नाही.

[दृश्य: बफरमध्ये पडणारा थेंब, अगदी जवळून, संथ गतीत]
बर्फावरच्या बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडायच्या द्रावणात, स्टॉकचा थेंब पडला, आणि हे पांढरे धागे! पीएमएसएफ पाण्यात नीट विरघळत नाही. म्हणून उणे २० अंशांवरचा स्टॉक आधी खोलीच्या तापमानाला आणायचा, तळाशी बसलेले स्फटिक पूर्ण विरघळू द्यायचे, मग बफर ढवळत थेंबाथेंबानं सोडायचा. १ मिलिलिटरला १० मायक्रोलिटर, म्हणजे १ मिलिमोलर.

[दृश्य: भिंतीवरचं घड्याळ, खाली बफरची बाटली]
२५ अंश सेल्सिअसला, पीएच ७ असताना, निम्मं पीएमएसएफ ११० मिनिटांत संपतं. पीएच ७.५ ला ५५ मिनिटांत. पीएच ८ ला अवघ्या ३५. बर्फावर हा वेग मंदावतो, थांबत नाही. बाटलीवर मार्करनं लिहिलेलं ‘पीएमएसएफसह’ तसंच राहतं. आतलं पीएमएसएफ केव्हाच गेलेलं असतं. बफर आठवडाभर आधी करा हवं तर, पण पीएमएसएफ पेशी फोडायच्या क्षणीच.

[दृश्य: दोन ब्लॉट शेजारी शेजारी]
ब्लॉट म्हणजे अँटिबॉडीनं हवं ते प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारा पडदा. डावीकडे पीएमएसएफ वेळेवर घातलेलं. उजवीकडे कालचं बफर. मुख्य पट्टी फिकी, खाली तुकडेच तुकडे. आणि बोल लागतो अँटिबॉडीला!

[दृश्य: ईडीटीएची बाटली]
धातूच्या आधारे चालणाऱ्या मेटॅलोप्रोटिएजवर पीएमएसएफचा उपयोग नाही, तिथे धातू पकडून ठेवणारं ईडीटीए.

[दृश्य: टाकाऊ द्रावणाचा कॅन]
पीएमएसएफ विषारी आहे, डोळ्यांना आणि श्वासमार्गाला इजा करतं. उरलेल्या पाणीदार द्रावणाचा पीएच ८.६ च्या वर न्यायचा, काही तास खोलीच्या तापमानाला ठेवायचं, मगच टाकायचं.