शनी निसटतो तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

नवी दुर्बीण घेतलेल्या माणसाची पहिली तक्रार ठरलेली असते. "शनीची कडी दिसली हो, पण आईला बोलावेपर्यंत गायब!" मग तिपाईचे स्क्रू आवळले जातात, दुकानदाराला फोन जातो. दुर्बीण बिचारी जागची हललेलीही नसते. फिरत असते ती पृथ्वी, आणि तिच्याबरोबर आपली गच्ची.

मोटर नसलेली, हातानं फिरवायची दुर्बीण ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी आज बोलतोय. आणि आधीच सांगतो, मोटर नाही म्हणून हळहळू नका.

पृथ्वी 23 तास 56 मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते. त्यामुळे आकाश तासाला 15 अंश, म्हणजे मिनिटाला पाव अंश पश्चिमेकडे सरकतं. चंद्राचं बिंब साधारण अर्ध्या अंशाचं. दोन मिनिटांत तो आपल्या रुंदीइतका सरकतो, आणि नुसत्या डोळ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. दुर्बीण मात्र चित्र जितक्या पटीनं मोठं करते, म्हणजे तिचं वर्धन जितकं, तितक्याच पटीनं ही चालही मोठी होते. साध्या नेत्रिकेचं, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाचं, दृश्य क्षेत्र सुमारे 50 अंशांचं असतं. त्याला वर्धनानं भागा. 50 पट वर्धनाला एक अंश आकाश दिसतं, आणि शनी ते चार मिनिटांत ओलांडतो. 150 पटीला उरतो एक तृतीयांश अंश, म्हणजे 80 सेकंद. शनी बरोबर मधोमध असेल तर कडेला जायला फक्त 40. आईला जिना चढून यायला याहून जास्त वेळ लागतो!

सगळेच तारे असे पळत नाहीत. खगोलीय विषुववृत्ताजवळचे, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या वर्तुळाजवळचे, सगळ्यांत वेगानं, ध्रुवाकडचे संथ. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून एका अंशाच्याही आत आहे. 150 पटीत तो मधोमध आणून ठेवला तर पाऊण तासानंतरही तिथंच कुठेतरी सापडेल. नवशिक्यांनी फोकसचा सराव त्याच्यावर करावा.

आता मुख्य गोष्ट. बहुतेक जण वस्तू मधोमध आणतात, ती सरकली की ढकलतात, पुन्हा सरकली की पुन्हा ढकलतात. डोळ्यापुढे सतत थरथर, आणि पाहणं राहून जातं. धावत्या एसटीमागे पळण्यात अर्थ नाही, पुढच्या थांब्यावर जाऊन उभं राहावं. दुर्बिणीत एकदा काही न करता पाहत राहा. वस्तू ज्या कडेनं बाहेर जाते ती पश्चिम. प्रतिमा उलटी असो, आरशातल्यासारखी असो, ही खूण कधी चुकत नाही. मग वस्तू समोरच्या, पूर्वेच्या कडेवर आणा, अगदी किंचित बाहेर गेली तरी चालेल, आणि हात काढून घ्या. दोन-तीन सेकंदांत थरथर थांबते. वस्तू आपल्या पायानं क्षेत्रात येते, मध्यावर सर्वांत स्वच्छ दिसते आणि पलीकडे निघून जाते. तेवढा वेळ तुमचा. नेमका मध्यावर असतानाच हवा क्षणभर स्थिर झाली, तर कड्यांमधली काळी फटही दिसून जाईल.

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलनं 1783 पासून इंग्लंडमध्ये जो आकाशाचा सर्व्हे केला, तो याच बेतानं. वीस फुटी दुर्बीण दक्षिणोत्तर रेषेवर धरलेली, मदतनीस नळी फक्त वर-खाली करतोय, आकाश समोरून सरकतंय. हर्शेल दिसेल ते ओरडून सांगे आणि बहीण कॅरोलाइन घड्याळ पाहून टिपून घेई. त्यातून जवळपास 2500 तेजोमेघ आणि तारकागुच्छांची यादी तयार झाली. माग काढणारी मोटर त्याच्याकडे कुठे होती?

हातानं फिरवायच्या दुर्बिणीला लोकांच्या हातात दिलं ते जॉन डॉब्सननं. 1915 साली बीजिंगमध्ये जन्मलेला हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत संन्यासी होता. जुन्या काचा घासून तो आरसे बनवी. त्यापायी 1967 मध्ये त्याला मठ सोडावा लागला. मग त्यानं फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना आकाश दाखवायला सुरुवात केली. त्याची दुर्बीण म्हणजे पुठ्ठ्याची नळी, आणि तिची बैठक, म्हणजे नळी धरून फिरवणारा आधार, म्हणजे लाकडी खोकं आणि सरकण्यासाठी टेफ्लॉनचे तुकडे. आज तिला सगळे डॉब्सोनियनच म्हणतात. हिची सारी करामत घर्षणात आहे. नळी सोडली तर जागीच राहिली पाहिजे, बोटानं ढकलली तर झटका न देता सरकली पाहिजे. अडकून एकदम उडी मारत असेल तर टेफ्लॉन ज्यावर सरकतं तो सनमायका पुसून त्यावर हलकं मेण चोळा. जड नेत्रिका लावल्यावर तोंड खाली झुकत असेल तर नळीच्या मागच्या टोकाला थोडं वजन बांधा. आणि नळी मुठीत धरू नका, बोटं टेकवा.

या बैठकीची एक अडचण आपल्याला जास्तच भोवते. डोक्यावर, म्हणजे खस्वस्तिकापाशी, तिला वळताच येत नाही. जराशा सरकण्यासाठी अख्खं खोकं गर्रकन फिरवावं लागतं. आता स्वातीचा तारा मुंबईच्या जवळजवळ बरोबर डोक्यावरून जातो, आणि रोहिणी, कृत्तिकाही महाराष्ट्रात खस्वस्तिकाच्या आसपासच असतात. त्या वेळी झगडत बसू नका. तासभर थांबलात तर तारा सुमारे 14 अंश खाली उतरलेला असतो.

विषुववृत्तीय बैठक असेल तर तिचा एक अक्ष ध्रुवाकडे रोखा, मग एकाच गोल मुठीनं माग काढता येतो. आपल्याकडे ध्रुव फार खाली, पुण्यात साडेअठरा अंशांवर. तो इमारतीआड गेला तरी होकायंत्र आणि कोनमापक पुरे. फोटो काढायचा नसेल, नुसतं पाहायचं असेल तर एक-दोन अंशांची चूक चालते. तिपाई हलकी असेल तर पाय पूर्ण लांबवू नका, मधोमध वाळूची पिशवी टांगा. स्वस्त दुर्बिणींचं निम्मं रडगाणं एवढ्यानं थांबतं.

आपल्या नेत्रिकेचं क्षेत्र मोजायचं असेल तर मृगातला बाण घ्या. तीन ताऱ्यांपैकी जो सर्वांत आधी उगवतो, म्हणजे पश्चिमेकडचा, तो जवळपास विषुववृत्तावरच आहे. तो क्षेत्राच्या मध्यातून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि चारानं भागा. आलेला आकडा कलांमध्ये; एका अंशाच्या 60 कला. 160 सेकंद लागले तर 40 कला. तो नेत्रिकेच्या डबीवर लिहून ठेवा.

आणि गच्चीवर पाहुण्यांची रांग लागली असेल तर सर्वांत कमी वर्धनाची नेत्रिका लावा. शनी पूर्व कडेवर आणून द्या, नळीला हात लावू नका म्हणून बजावा, आणि दर तिघांनंतर पुन्हा मागे आणा. लहान मुलांना पहिला नंबर द्या, स्टुलावर चढताना ती हमखास नळीला धरतात. त्यांचं झालं की एकदाच नीट लावून घ्यायची आणि मग मोठ्यांना बोलवायचं. नमस्कार.