पाचव्या होलवरचा बॉल, बाराव्या होलवरचा निरोप

श्रोतेहो, नमस्कार.

2016 ची यूएस ओपन, म्हणजे गोल्फची एक मोठी स्पर्धा. अमेरिकेतलं ओकमाँटचं मैदान, शेवटचा दिवस. पाचव्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, गोल्फपटू डस्टिन जॉन्सन छोट्याशा पटसाठी, बॉल हलकेच होलमध्ये ढकलायला, उभा राहिला आणि बॉल किंचित हलला. त्यानं स्वतःच रेफरीला बोलावलं. पटर, म्हणजे ढकलायची काठी, बॉलमागे टेकवलाच नव्हता, बॉल माझ्यामुळे हलला नाही, असं सांगितलं. रेफरी म्हणाला, दंड नाही, खेळा.

बाराव्या टीवर, म्हणजे बारावा होल जिथून सुरू होतो तिथं, निरोप आला. ते प्रकरण फेरी संपल्यावर पुन्हा बघू, कदाचित दंड बसेल! आता शेवटचे सात होल खेळायचे, पण आपण किती फटक्यांनी पुढे आहोत (गोल्फमध्ये कमी फटके लागतील तो पुढे) हे त्याला ठाऊक नाही आणि मागच्यांनाही नाही. शेवटी एक फटका वाढवलाच. तरी तो तीन फटक्यांनी जिंकला. आयोजकांची लाज त्यानंच राखली म्हणा ना.

गोल्फचे नियम दोन संस्था ठरवतात. अमेरिका आणि मेक्सिकोत यूएसजीए, बाकी जगात स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजची आर अँड ए. 1952 पासून दोघींचं पुस्तक एकच. या खेळात बहुतेक वेळा पंच सोबत नसतो, खेळाडू आपला दंड आपणच मांडतो. म्हणून पुस्तक काटेकोर हवंच. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती वेळेची.

2017 मध्ये एका मोठ्या स्पर्धेत अमेरिकेची गोल्फपटू लेक्सी थॉम्पसन आघाडीवर असताना तिला अचानक चार फटके दंड झाला. आदल्या दिवशी बॉल किंचित चुकीच्या जागी ठेवल्याचे दोन, त्यामुळे स्कोअरकार्ड चुकलं म्हणून आणखी दोन. कळवलं कुणी? टीव्ही बघणाऱ्या एका प्रेक्षकानं, ईमेलनं! ती प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा खेळात, हरली.

ओरड झाली, आणि संस्थांनी ऐकलं, हेही सांगायला हवं. 2018 पासून प्रेक्षकांच्या तक्रारी घेणं बंद झालं. 2019 मध्ये 34 नियमांचे 24 झाले. ग्रीनवर बॉल चुकून हलला, तर आता दंडच नाही.

बॉल फार लांब जातो, या दुखण्यावर मात्र फारच उशीर झाला. बॉल किती लांब जातो याची चाचणी कडक करायचा निर्णय जाहीर झाला डिसेंबर 2023 मध्ये, तेव्हा ठरलेला अंमल 2028 पासून, हौशी खेळाडूंसाठी 2030. व्यावसायिक स्पर्धा भरवणाऱ्या अमेरिकेतल्या पीजीए टूरनं त्यालाही विरोध केला. तोवर ऑगस्टा नॅशनल या अमेरिकेतल्या नामांकित क्लबनं आपला तेरावा होल 510 यार्डांवरून 545 वर नेला होता. टी मागे सरकवायला जागा नव्हती, म्हणून शेजारच्या क्लबची जमीन विकत घेऊन.