करशील, कर, करू शकतोस

ध्रुवाची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. मांडीवर बसू दिलं नाही ते सुरुचीनं, पण शेजारी बाप होता आणि तो गप्प बसला, पोराला जास्त लागलं असेल ते तेच. ध्रुव रुसून रानात गेला. बायबलमधला काइन शेतात गेला, पण भावाला सोबत घेऊन.

काइन शेतकरी, त्याचा भाऊ हाबेल मेंढपाळ. दोघांनी देवाला आपापलं काहीतरी वाहिलं, देवानं हाबेलचं घेतलं, काइनचं नाही. कारण सरळ दिलेलंच नाहीये. (शेतकऱ्याचा माल नापास, हे आपल्याकडे नवीन नाही!) पण काइनच्या हातून हाबेलचा खून व्हायच्या आधी देव काइनशी बोलतो, पाप दाराशी टपलंय म्हणतो, आणि पुढे जे क्रियापद येतं त्यावर जॉन स्टाइनबेकनं १९५२ साली 'ईस्ट ऑफ ईडन' ही अख्खी कादंबरी उभी केली. १६११च्या इंग्रजी बायबलात ते 'तू त्याच्यावर राज्य करशील' असं आहे, १९०१च्या अमेरिकन आवृत्तीत 'कर', म्हणजे थेट हुकूम. कादंबरीतला ली, घरातला चिनी नोकर, काही चिनी म्हाताऱ्यांना हिब्रू शिकायला लावतो आणि दोन वर्षांनी अर्थ निघतो, 'करू शकतोस'. मूळ हिब्रू शब्द दिलाय तिमशेल, खरा उच्चार तिमशोल, ते सोडा. मला गंमत वाटते ती मराठीची, आई 'अभ्यास करशील ना?' म्हणते तेव्हा त्यात खात्री, हुकूम, विनवणी सगळंच असतं. केडगावला पंडिता रमाबाई हिब्रूवरून बायबल मराठीत आणत होत्या, त्यासुद्धा या शब्दापाशी थांबल्या असतील का, असं उगाच मनात येतं.

आता कादंबरीतला काइन, म्हणजे कॅल. बापाचा, ॲडमचा, बर्फात घालून रेल्वेनं लेट्यूस पाठवायचा धंदा बुडालेला, म्हणून हा पोरगा पहिल्या महायुद्धात घेवड्याच्या व्यापारात पंधरा हजार डॉलर कमावतो आणि जेवणाच्या टेबलावर बापापुढे ठेवतो. ॲडम नाही म्हणतो, ज्या शेतकऱ्यांना लुटलंस त्यांना परत दे, वर तुझ्या भावासारखं, ॲरनसारखं काही दिलं असतंस तर आनंद झाला असता. बापाची बाजूही आहे हो, भरतीच्या बोर्डावर बसून तो पोरं युद्धावर पाठवतोय, त्याला तो पैसा कसा पचणार. पण बोलायची काय ही रीत?

ली मागोमाग कॅलच्या खोलीत जातो, सांगतो की बापाचा स्वभावच तसा, त्याला दुसरं जमणारच नाही, तुझ्या मात्र हातात आहे. म्हणजे जे देवानं काइनला सांगितलं तेच. काइननं ऐकलं नाही, कॅलही ऐकत नाही, त्याच रात्री ॲरनला आईच्या कुंटणखान्यात नेऊन दाखवतो, ॲरन सैन्यात जातो आणि मरतो.

शेवटी मरणाच्या दारात ॲडम कॅलला तो एकच शब्द म्हणतो, तिमशेल, लोक तिथे रडतात, मला ते जरा फिल्मी वाटतं. मला आठवतो तो कॅल, खोलीत एकटा बसून त्या नोटा एकेक करून जाळणारा.