धूर दिसला की किनाऱ्याकडे

मंडळी, ‘मिनार’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्याच्या पोटात आग आहे हे लक्षात येत नाही. अरबीत ‘नार’ म्हणजे आग. ‘मनारा’ म्हणजे आगीची, उजेडाची जागा.

आपण बसलोय तो वांद्र्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १६४० साली बांधला, माहीमच्या खाडीवर नजर ठेवायला. मला तुम्हाला त्याच्याही साडेसहाशे वर्षं मागे न्यायचंय, पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर. गाझा, अस्कलान, अश्दोद, याफा, अरसूफ अशी तिथे ठाण्यांची रांगच होती. या ठाण्यांना ‘रिबात’ म्हणत. अश्दोदच्या रिबातचे अवशेष आजही उभे आहेत. त्याचा एक दरवाजा समुद्राकडे उघडतो, दुसरा जमिनीकडे.

इसवी सन ९८५ च्या सुमारास अल्-मुकद्दसी या अरब भूगोलकारानं या किनाऱ्याबद्दल लिहून ठेवलं. तो जेरुसलेमचा. त्याच्या आजोबांनी अक्काचं बंदर बांधलं होतं, म्हणजे समुद्र त्याच्या घरातलाच. तो सांगतो, रोमी जहाजं, म्हणजे बायझंटाइन, पूर्व रोमन साम्राज्याची, दिसली की शिंग फुंकायचं. रात्र असेल तर जाळ करायचा, दिवस असेल तर धूर. ठाण्यापासून राजधानी रामल्यापर्यंत उंच मनोरे होते आणि प्रत्येकावर माणसं. पहिल्यावर जाळ दिसला की दुसरा पेटायचा, मग तिसरा. तास होतो न होतो तोच रामल्यात नगारे वाजू लागत.

उंचीचा हिशेब साधा आहे. वाळूवर उभ्या माणसाचं क्षितिज जेमतेम ५ किलोमीटरवर असतं, २० मीटर उंचीवरून ते १६ किलोमीटरवर जातं. पण जाळाला बोलता येत नाही. आधी ठरलेलं असेल तेवढंच तो सांगतो. १६७० साली सिंहगडावर मावळ्यांनी पागेचे खण पेटवले आणि राजगडावरून महाराजांनी उजेड पाहून गड आल्याचं ओळखलं, असं बखर सांगते. तोच उजेड ज्याला ठाऊक नव्हतं त्याच्या लेखी नुसती आग होती.

आता माझ्या मनात घर करून बसलेली गोष्ट. इशारा म्हटलं की आपल्याला वाटतं, लोक पळत असतील, दारं लावून घेत असतील. इथे लोक किनाऱ्याकडे धावत होते. हत्यारं घेऊन, हे खरं. पण ती जहाजं बऱ्याचदा लढायला आलेली नसत. त्यांच्यावर धरून नेलेली मुसलमान माणसं असत, विकायला आणलेली. दर होता १०० दिनारांना तीन माणसं. ठाण्यांत रोमी भाषा जाणणारे ठेवलेले असत, ते बोलणी करत. गावोगावचे लोक जमत. ज्याची ऐपत असेल तो एक अख्खा माणूस सोडवी. बाकीचे जवळ असेल ते टाकत, कुणी एक दिरहम, कुणी बोटातली अंगठी, जहाजावरचे सगळे उतरेपर्यंत.