केसपेपरच्या पाठीमागं

नमस्कार मंडळी. कार्यक्रमाच्या पत्रिकेत माझ्या नावाखाली 'डॉक्टर व कवी' असं छापलंय. आमच्या कोल्हापुरात यातल्या पहिल्याला फी मिळते आणि दुसऱ्याला चहा, तोही कविता वाचायच्या आधी मागून घेतला तर.

एक आधीच सांगतो, कवितेनं साखर उतरत नाही. इंग्रज कवी जॉन कीट्स लंडनच्या गायज् हॉस्पिटलात शिकला, १८१६ साली औषधं द्यायचा परवानाही मिळवला, तरी क्षयानं त्याला २५व्या वर्षी नेलंच.

पण अमेरिकेत न्यू जर्सीतले डॉक्टर-कवी विल्यम कार्लोस विल्यम्स रुग्ण तपासता तपासता प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर ओळी उतरवायचे. ती खोड मी उचलली. केसपेपरच्या पाठीमागं रुग्णाच्या तोंडचं वाक्य जसंच्या तसं लिहायचं. त्यासाठी त्याला पुरतं बोलू द्यावं लागतं, आणि आम्हा डॉक्टरांना नेमकं तेच जड जातं. माझ्या बऱ्याच कविता तिथूनच आल्या. निदानंही.

गंगावेशीतले एक वस्ताद होते. हयात पोरांवर ओरडण्यात गेलेली. मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला, उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण पाणी मागता येईना; मग तांब्या भिरकावायचे. एका संध्याकाळी त्यांच्या कारभारणीनं कॉटशेजारी हरिपाठ धरला, तर वस्ताद शब्दांसकट तिच्या मागून म्हणायला लागले! सून म्हणाली, माउली पावली. बोलण्याचा कारभार बहुतेकांत डाव्या मेंदूकडं असतो, पण सुराला उजवाही हात लावतो, आणि पाठ झालेलं बऱ्याचदा शाबूत राहतं. याच आधारावर १९७३ मध्ये बॉस्टनच्या मंडळींनी सुरातून बोलणं शिकवायची पद्धत मांडली. हे मी सुनेला सांगितलं. माउलीचं श्रेय मात्र काढून घेतलं नाही. मग त्याच चालीत 'पाणी द्या' बसवलं. सगळ्यांना जमतंच असं नाही, इजा केवढी यावर असतं. वस्तादांना जमलं. पुढं त्यांनी पहिली शिवीही चालीतच हासडली. तालमीत पेढे वाटले!

आता तुमच्याकडं एक मागणं. तुम्ही महाराष्ट्राबाहेर राहता, आणि तुमच्यातल्या अनेकांचे आईवडीलही आता इथंच असतात. त्यांना काय काय पाठ आहे, अभंग, ओव्या, आरत्या, ते विचारून वहीत लिहा आणि त्यांच्या आवाजात मोबाइलवर भरून ठेवा. इथल्या स्पीच थेरपिस्टला मराठी येत नसणार. वेळ आलीच तर ती वही त्याच्यापुढं ठेवा आणि चाल तुम्ही धरा.