भोंगा ऐकू येतो, गाव दिसत नाही

(अंबाजोगाईत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मुलांनो, बालाघाटाच्या डोंगरावर रात्री उभं राहिलं की लांबच्या कुठल्यातरी गावातल्या सप्त्याचा भोंगा ऐकू येतो. टाळ-मृदंग कळतो, बुवांचा आवाज कळतो, गाव मात्र कळत नाही. तिकडं एखादा दिवा दिसला तरच बोट दाखवता येतं. रेडिओलहरी म्हणजे आवाज नव्हे, त्या प्रकाशाच्याच भाऊबंद. पण अडचण तिथंही हीच: आकाशातून लहर येते, ती कुठल्या दीर्घिकेची ते कळत नाही.

पुणे जिल्ह्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. तिच्या १५० मेगाहर्ट्झच्या सर्वेक्षणातून २०१७ साली सहा लाखांहून जास्त रेडिओ स्रोतांची यादी निघाली. यादीत जागा मिळते, तेज मिळतं. अंतर मिळत नाही. त्यासाठी दीर्घिकेचा वर्णपट, म्हणजे तिच्या प्रकाशाची रंगवार फोड हवी, आणि मुळात ती दीर्घिका कोणती हे आधी ठरवावं लागतं.

इथंच फसगत होते. दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर दोन विरुद्ध दिशांना झोत फेकतं आणि लाखो प्रकाशवर्षांवर त्यांचे फुगे होतात. रेडिओत बहुतेकदा हे फुगेच झळकतात. मंडपाच्या दोन टोकांना भोंगे आणि बुवा मधे, तसं. भोंग्याखाली जाऊन शोधलं तर भलताच माणूस हाती लागेल.

बरं, मधे नेमकं बघायचं तरी कशानं? विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे दूरचा प्रकाश ताणला जातो. किती ताणला ते सांगणारा आकडा म्हणजे ताम्रसृती, ती जास्त तितकी दीर्घिका दूर. ताम्रसृती ५ असेल तर सहापट. डोळ्याला दिसणारा अर्ध्या मायक्रॉन लांबीच्या लहरींचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रकाश आपल्यापर्यंत ३ मायक्रॉनचा, म्हणजे इन्फ्रारेड होऊन येतो. उन्हाळ्यात माळवदावर अंथरूण टाकण्याआधी पाणी का शिंपडतो आपण? अंधार पडला तरी माळवद तापलेलंच असतं. हात वीतभर वर धरा, ऊब लागते. त्या उबेत इन्फ्रारेडही असतं. जमिनीवरची दुर्बीण आणि वरची हवा, दोन्ही अशीच तापलेली. स्वतःच्याच उजेडात ती आंधळी होते. म्हणून अंतराळात जायचं, आणि गार राहायचं. २००३ साली गेलेल्या स्पिट्झर या इन्फ्रारेड दुर्बिणीचा आरसा जेमतेम ८५ सेंटिमीटरचा. द्रव हेलियमनं ती २००९पर्यंत गार ठेवली, आणि हेलियम संपल्यावरही ३.६ आणि ४.५ मायक्रॉनवर २०२०पर्यंत तिनं काम केलं. आज जेम्स वेबचा साडेसहा मीटरचा आरसा पाच पदरी छत्रीच्या सावलीत, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे.

आता मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट. २००६ साली खगोलशास्त्रज्ञ रे नॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीचे रेडिओ स्रोत स्पिट्झरच्या चित्रांवर ठेवून पाहिले. बहुतेकांच्या जागी दीर्घिका होती. काही जागा मात्र कोऱ्या! रेडिओत ठसठशीत, इन्फ्रारेडमध्ये काहीच नाही. त्यांनी त्या चुका म्हणून खोडल्या नाहीत. मंद काही असेल तर उजळावं म्हणून चित्रांवर चित्रं रचून पाहिली, तरी कोरंच. पुढं खंडभर पसरलेल्या दुर्बिणी एकत्र जोडल्यावर काहींच्या गाभ्यात बारीक, दाट रेडिओबिंदू सापडला, म्हणजे आत कृष्णविवर. याच जातीच्या, जराशा उजळ स्रोतांचे वर्णपट मिळाले तेव्हा ताम्रसृती २ ते ३च्या आसपास निघाली. तो प्रकाश हजार कोटी वर्षांपूर्वी निघालेला.

एक ध्यानात घ्या. असे जोरकस झोत सहसा त्या त्या काळातल्या सगळ्यात भारदस्त दीर्घिकांतून निघतात. त्यांचं मूळ तेज साधारण सारखं, म्हणून जितकी मंद तितकी दूर, हा ढोबळ हिशेब चालतो. मग ‘काही दिसलं नाही’ हेसुद्धा मोजमापच झालं: इतक्या मंदपर्यंत पाहिलं, तरी नाही, म्हणजे निदान इतकी तरी दूर असावी. धुळीनं झाकलेली असू शकते, ती शक्यता तपासायचीच. पण वहीत ‘नाही’ लिहाल तेव्हा किती खोल पाहिलं तो आकडा शेजारी लिहा.

खोडदची ती यादी आणि स्पिट्झरची चित्रं, दोन्ही कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. तुमच्या कॉलेजच्या संगणकावरही. पडद्यावर तसाच एक चौकोन लावलाय. डावीकडे एक रेडिओ फुगा, उजवीकडे दुसरा. दोघांच्या मधे, किंचित खाली, पुसट ठिपका आहे. दीर्घिका की कॅमेऱ्याचा गोंगाट? मागच्यांनी पुढं या. कुणीतरी दिवे बंद करा.