डॉक्टर म्हणाले, "ट्रायलमध्ये येता का?" सही करायच्या आधी हे बघा

नमस्कार मंडळी. मिरजेत दवाखान्याला गेलात, तपासणी झाली आणि डॉक्टरांनी विचारलं, "नव्या औषधाची ट्रायल चालू आहे, येता का त्यात?" की घरच्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आमच्यावर प्रयोग करताय होय?"

हो, प्रयोगच असतो. म्हणून तर तुमची सही मागतात.

मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या टीबी सॅनेटोरियमबद्दल, म्हणजे टीबीच्या रुग्णांना ठेवून घेणाऱ्या दवाखान्याबद्दल, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. टीबी झाला की माणूस महिनोन्‌महिने घरापासून लांब, असा तो काळ. 1956 साली मद्रासमध्ये एक ट्रायल सुरू झाली. गरीब घरांतल्या जवळपास दोनशे रुग्णांचे दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा आपापल्या घरी. औषधं दोघांना तीच, वर्षभर. 1959 मध्ये निकाल छापून आला: घरी राहिलेलेही जवळपास तेवढेच बरे झाले, आणि त्यांच्यामुळे घरातल्यांचा धोका वाढला नाही. आज आपल्याकडचा टीबीचा पेशंट गोळ्या घेऊन आपल्याच घरी राहतो, त्यामागे त्या ट्रायलमधली माणसं आहेत. त्यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत. मला हे फार मोठं काम वाटतं. म्हणून ट्रायल म्हटलं की लगेच "नको" म्हणू नका.

पण "हो"सुद्धा लगेच म्हणू नका. नवं औषध म्हणजे भारी औषध, आणि वर फुकट, असं पुष्कळांना वाटतं. अहो, ते भारी आहे का हेच तर अजून बघायचंय! तुम्ही कुठल्या गटात जाणार ते बहुतेक वेळा कॉम्प्युटर ठरवतो, तिथं ओळख चालत नाही. कधी कधी तुम्हाला काय मिळतंय हे डॉक्टरांनाही माहीत नसतं. काही ट्रायलमध्ये एका गटाला औषध नसलेली गोळी देतात, पण तसं असेल तर ते कागदात लिहिलेलं असतं.

आता तो कागद. माहितीपत्रक आणि संमतीपत्र, दोन्ही तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मिळायला हवीत. जत भागातल्या कन्नड बोलणाऱ्या आजींनी मराठी कागदावर अंगठा उठवायचं काही कारण नाही, कन्नड प्रत मागा. वाचता येत नसेल तर ट्रायलशी संबंध नसलेला साक्षीदार समोर हवा. संमतीपत्रात वारसाचं नाव विचारणारा एक रकाना असतो. तो बघून लोक घाबरतात. मरण लिहून घेतायत असं त्यांना वाटतं. तो रकाना तुमच्याच बाजूचा आहे. ट्रायलमुळे जिवाचं बरंवाईट झालं तर भरपाई कुणाला द्यायची, त्यासाठी तो आहे. इजा झाली तर उपचार फुकट मिळायला हवेत, हेही ट्रायलबद्दलच्या 2019 च्या सरकारी नियमांत आहे.

कागद घरी न्या. लेकीला, सुनेला, गावातल्या तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. "आत्ताच्या आत्ता सही करा" असं कुणी म्हणालं तर उठून या. ट्रायलचा नोंदणी क्रमांक विचारा. तो सीटीआरआय (CTRI, म्हणजे देशातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही) या अक्षरांनी सुरू होतो, आणि सरकारी वेबसाइटवर कुणालाही शोधता येतो. एथिक्स कमिटीचा, म्हणजे ट्रायलमधल्या माणसांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, फोन नंबर कागदावर आहे का, तेही बघा. या कमिटीत डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य माणूसही असावा लागतो. डॉक्टरांशी बोलायला संकोच वाटला तर तिथं फोन करायचा. एसटीचं भाडं, बुडालेला रोज मिळणार का, हे आधीच स्पष्ट विचारा, त्यात लाजायचं काही नाही. आणि सही केलेल्या कागदाची प्रत घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

मध्येच सोडावंसं वाटलं तर कधीही सोडता येतं, कारण सांगायची सक्ती नाही, आणि तुमचे नेहमीचे उपचारही त्यामुळे थांबत नाहीत. फक्त गोळ्या बंद करून घरी बसू नका. दवाखान्यात जाऊन तसं सांगा. काही औषधं एकदम तोडली तर त्रास होतो, ती कशी बंद करायची ते त्यांच्याकडूनच समजून घ्या.